ख्रिस्तात मिळालेले स्वातंत्र्य रोजच्या जगण्यात कसे आणावे

इंदूरमधील मराठी घरांतून जे नव्याने ख्रिस्ती विश्वासाकडे वळतात, किंवा जन्माने ख्रिस्ती असूनही मोठेपणी पहिल्यांदाच हा विश्वास मनावर घेतात, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: आता काय काय सोडावे लागेल? कुंकू लावायचे की नाही, शेजारच्या गणपतीला जायचे की नाही, रविवारी दुकान उघडायचे की नाही, अशी यादी घेऊन ते येतात आणि पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) प्रत्येक बाबीपुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करून द्यावी, अशी त्यांची अपेक्षा असते. प्रश्न प्रामाणिक असतो आणि त्यातल्या काहींचा विचार पुढे येईलच. परंतु सुरुवातच त्या यादीपासून केली, तर जुन्या नियमांच्या जागी नवे नियम येतात आणि माणूस मात्र पूर्वीइतकाच धास्तावलेला राहतो. प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. ख्रिस्ताने आपल्याला मोकळे केले आहे, तेव्हा पुन्हा गुलामीच्या जुवाखाली मान देऊ नका, हे पहिल्या वचनात आहे. आणि हे स्वातंत्र्य देहाचे लाड पुरवण्यासाठी नसून प्रीतीने एकमेकांची सेवा करण्यासाठी आहे, हे तेराव्या वचनात आहे. हे दोन्ही एकदम कसे जगावे, हे येथे क्रमाने सांगण्याचा प्रयत्न केला आहे. वाचताना एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा, कारण जवळजवळ प्रत्येक पायरीवर तो उपयोगी पडतो: हे मी भीतीपोटी करत आहे की प्रेमापोटी?

पहिली पायरी: गलतीकरांस पत्र एका बैठकीत वाचा

गलतिया हा आजच्या तुर्कस्तानातील प्रदेश. तेथील मंडळ्या (ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचे समुदाय) पौलाच्या प्रचारातून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांतील बहुतेक माणसे यहुदी नव्हती. पौल पुढे गेल्यावर काही शिक्षक तेथे आले आणि सांगू लागले की ख्रिस्तावर विश्वास ठेवलात हे चांगलेच झाले, पण सुंता करून घेतल्याशिवाय आणि मोशेचे नियमशास्त्र पाळल्याशिवाय देव तुम्हांला पूर्णपणे आपले म्हणणार नाही. याच प्रश्नावर इ. स. 49 च्या सुमारास यरुशलेमेत सभा भरली, तिची हकिगत प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आहे. जे जू आमच्या वाडवडिलांना आणि आम्हांलाही पेलले नाही ते या शिष्यांच्या मानेवर का ठेवता, असे तेथे येशूचा शिष्य पेत्र याने विचारले आणि यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर सुंतेचे बंधन घालायचे नाही, असा निर्णय झाला.

पत्र सहाच अध्यायांचे आहे. रोज चार ओळी असे न वाचता, शक्य तर मोठ्याने, एका बैठकीत वाचावे, म्हणजे पौलाची कळकळ लक्षात येते. त्यानंतर लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय घ्यावा आणि धाकट्या मुलापाशी न थांबता थोरल्यापर्यंत जावे. वाटणी उधळून परतलेल्या धाकट्या मुलाला बापाने जवळ घेतल्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण मेहनती, सरळमार्गी, घरातली सर्व कर्तव्ये वेळेवर करणाऱ्या आपल्यासारख्या माणसांची अडचण बहुधा थोरल्याची असते. इतकी वर्षे मी तुमची चाकरी करतो आहे, असे तो बापाला म्हणतो. घर त्याचे, जमीन त्याची, बाप त्याचा, आणि तरीही तो स्वतःला चाकरच समजत आला आहे. हे वाचून झाल्यावर वहीत लिहावे: देवाची माझ्यावर मर्जी राहावी म्हणून मी काय काय करतो? उत्तर दुसऱ्या कोणाला दाखवायचे नसते, म्हणून ते खरे लिहिता येते. पुढच्या पायऱ्यांवर ही वही पुन्हा पुन्हा उघडावी लागेल.

याच आठवड्यापासून एक छोटा नेम सुरू करावा. सकाळी मागण्यांची यादी देवापुढे मांडण्याआधी, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील पंधरावे वचन वाचून, देवाला काही काळ केवळ बाप म्हणून हाक मारावी. भीती बाळगण्यासाठी गुलामीचा आत्मा तुम्हांला मिळालेला नाही, दत्तक लेकरांचा आत्मा मिळालेला आहे, असे पौल तेथे सांगतो. पहिले काही दिवस हे ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. त्याने बिघडत नाही. नेम चालू ठेवावा.

दुसरी पायरी: दोष नाव घेऊन कबूल करा आणि मग तेथेच थांबा

प्रभो, माझ्या सर्व पापांची क्षमा कर, अशी मोघम प्रार्थना सोपी असते आणि तिने मन हलके होत नाही. अमुक दिवशी भावाशी वाटणीच्या कागदाबद्दल खोटे बोललो, अमुक माणसाचे पैसे अजून दिलेले नाहीत, असे नाव घेऊन देवापुढे बोलावे. ज्याचे नुकसान झाले आहे तो माणूस हयात असेल, तर त्याची भरपाई करावी. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेले चौपट परत करतो असे स्वतःहून सांगितले, येशूने त्याच्यावर तशी अट घातली नव्हती.

कबुली दिली, भरपाई केली, आणि त्यानंतर त्याच पापासाठी रोज नव्याने क्षमा मागत राहणे थांबवावे. कर्ज फिटून कागद हाती आल्यावरही सावकाराच्या दारावरून खाली मान घालून जाणारा माणूस असतो, तशी आपली गत होते. योहानाचे पहिले पत्र (1:9) सांगते की आपण पापे पदरी घेतली तर देव क्षमा करण्यास विश्वासू आणि न्यायी आहे. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सुरूच होतो तो ख्रिस्तात असणाऱ्यांना आता दंडाज्ञा नाही या वाक्याने. जुनी टोचणी पुन्हा उठली, तर क्षमा मागण्याऐवजी झालेल्या क्षमेबद्दल आभार मानावेत. हा फरक लहान दिसतो, पण ज्यांनी तो महिनाभर पाळला त्यांच्या चेहऱ्यावर तो दिसू लागतो.

तिसरी पायरी: भीतीच्या वस्तूंकडे पाहा

येथे घाई करू नये आणि दिखावाही करू नये. आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगावर किंवा घरात काही ना काही असतेच: मुलाच्या पायातला काळा दोरा, दुकानाच्या दाराला शनिवारी बदलायचे लिंबू-मिरची, साडेसाती सुरू असताना कोणी सुचवलेली अंगठी, घराबाहेर पडण्याआधी पाहिलेला राहुकाळ. यांमागे अपशकुनाची, नजरेची, ग्रहांची भीती असते. इफिसमध्ये जादूटोणा करणाऱ्या अनेकांनी विश्वास धरल्यावर आपली पुस्तके सर्वांसमोर जाळली आणि त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली, असे प्रेषितांची कृत्ये (19:19) सांगते. त्यांनी ते आपखुशीने केले, आणि जे जाळले ते स्वतःचे होते. ही दुसरी बाब नव्या विश्वासणाऱ्यांच्या लक्षात सहसा राहत नाही.

आमच्या संगतीतील एका ताईंनी मुलाच्या पायातला दोरा लगेच काढला नाही. रात्री तो झोपल्यावर त्याच्या पायाशी बसून त्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाची शेवटची दोन वचने वाचत असत, ज्यांत पौल मरण, जीवन, देवदूत, अधिकारी, वर्तमान, भविष्य, उंची, खोली अशी नावे घेऊन यांतले काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळे करू शकणार नाही असे म्हणतो. पुढे एका सकाळी आंघोळ घालताना त्यांनी तो दोरा कात्रीने कापला आणि न्हाणीघराच्या कट्ट्यावर ठेवून दिला. त्या दिवशी मुलाला ताप आला असता तर काय केले असते, असे मी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टरांकडे नेलं असतं, आणि दोरा बांधला नसता." इतकी स्थिरता आल्यावरच दोरा काढावा, असा माझा आग्रह आहे, कारण भीती मनात तशीच असताना काढलेला दोरा पुढच्या आजारपणात दुप्पट गाठी मारून परत बांधला जातो.

सासूबाईंच्या देवघराला, आजोबांच्या पंचांगाला, भावाच्या दुकानातल्या लिंबाला हात लावायचा नाही. ते तुमचे नाही. आईवडिलांचा मान राख ही आज्ञा विश्वास धरल्याने रद्द होत नाही, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनाला लागेल अशी तोडफोड करून मिळालेले स्वातंत्र्य पौलाने सांगितलेले स्वातंत्र्य नव्हे.

ख्रिस्ती घरांतही भीतीच्या वस्तू असतात, हे तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. उशाखाली बायबल ठेवले नाही तर वाईट स्वप्ने पडतील, अमुक प्रार्थनासभेतून आणलेल्या तेलाची बाटली संपली की संरक्षण संपेल, एक रविवार उपासना चुकली म्हणूनच स्कूटर घसरली, असे मानणाऱ्याने दोरा बदलला आहे, गाठ तीच आहे.

चौथी पायरी: आज्ञा, शिस्त आणि रिवाज वेगळे करा

वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात देवाच्या आज्ञा: देवावर सर्वस्वी आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती, खोटी साक्ष नको, व्यभिचार नको, मूर्तिपूजा नको, लोभ नको. दुसऱ्यात मंडळीची शिस्त: उपासनेची वेळ, प्रभुभोजनाआधीची तयारी, बाप्तिस्म्यापूर्वीचे शिक्षण, वर्गणी. तिसऱ्यात रिवाज: उपासनेला पांढरी साडी, डोक्यावर पदर, कुंकू लावणे किंवा न लावणे, मंगळसूत्रात क्रूस ओवणे, वाढदिवसाला औक्षण. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परुश्यांना (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना) दोष देतो, तो माणसांचे संप्रदाय पाळण्याच्या नादात देवाची आज्ञा बाजूला सारल्याबद्दल. देवाला अर्पण केले असे म्हणून आईबापांना मदत नाकारण्याचे उदाहरणही तोच देतो.

पहिला रकाना सोडता येत नाही. स्वातंत्र्य म्हणजे आज्ञांतून सुटका असे समजणाऱ्यांसाठी पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात (2:16) लिहूनच ठेवले आहे की स्वातंत्र्याचा उपयोग दुष्टपणा झाकण्यासाठी करू नका. दुसरा रकाना आदराने पाळावा आणि अडचण असेल तेथे पाळकांशी मोकळेपणाने बोलावे. तिसऱ्या रकान्याबद्दल मात्र रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय प्रमाण मानावा: एक जण एखादा दिवस विशेष मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी. कुंकवाबद्दल इंदूरच्या मराठी ख्रिस्ती बायकांत एकमत नाही. कोणी ते नवऱ्याच्या आयुष्याशी जोडलेले व्रत समजून सोडले आहे, कोणाला ते केवळ आपल्या आईसारखे दिसणे वाटते. कुंकू न लावणारीने लावणारीला अर्धवट विश्वासाची म्हणू नये आणि लावणारीने दुसरीला कर्मठ म्हणू नये, एवढे पौलाच्या अध्यायातून नक्की निघते.

वेगाबद्दलही कोणी कोणाला धारेवर धरू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. मधल्या काळात लक्ष्मीबाईंनी जातिभेद माणसांनी केलेला आहे, देवाने नव्हे, हे स्वतःच्या विचाराने ठरवले आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याला मन तयार केले. बाप्तिस्मा त्या नंतरच्या काळात आला. नवऱ्याने ओढून नेले म्हणून त्या आल्या असत्या, तर आज त्यांच्या शब्दांना जे वजन आहे ते आले नसते.

पाचवी पायरी: शेजारून आलेले ताट

एका ताटाचा प्रश्न वेगळा घेतो, कारण सुदामा नगर असो की रामबाग, गणेशोत्सवात तो प्रत्येक नव्या विश्वासणाऱ्याच्या दारात येतोच. संध्याकाळच्या आरतीनंतर शेजारच्या काकू रुमाल झाकलेली ताटली घेऊन उभ्या असतात. त्यात पाच मोदक असतात, कडेला थोडी पंचखाद्याची खिरापत असते, आणि त्या म्हणतात, "प्रसाद आहे गं, मुलांना दे." घ्यावा की नाही?

करिंथमध्ये हाच प्रश्न होता, कारण तेथील बाजारातले पुष्कळ मांस देवळात वाहिलेले असे. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायात दिलेले उत्तर एका शब्दाचे नाही, म्हणून ते सगळे वाचावे लागते. अन्नाने आपण देवाजवळ जात नाही आणि त्याच्यापासून दूरही होत नाही. बाजारात विकले जाते ते चौकशी न करता खा. कोणी जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले, तर पुढे वाढलेले खा. पण हे वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नका. आणि प्रभूच्या मेजावर बसणाऱ्याने दुसऱ्या उपासनेच्या मेजाचा भागीदार होऊ नये, हेही तोच सांगतो. यावरून मी असे सुचवतो: आरतीत उभे राहून नैवेद्यात सहभागी होणे ही उपासना आहे, आणि ती ख्रिस्ती माणसाने करू नये. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) मुलांना दाखवणे ही उपासना नाही. काकूंनी दिवाळीला पाठवलेल्या चकल्या हे शेजारधर्माचे खाणे आहे, ते निःशंक घ्यावे. प्रसाद म्हणून सांगून दिलेला मोदक मात्र बहुतेक प्रसंगी नम्रपणे नाकारावा, आणि नाकारण्याची भाषा आधीच मनात तयार ठेवावी: "काकू, तुम्ही आठवणीने आणलंत, फार बरं वाटलं. प्रसाद म्हणून मला घेता येणार नाही, पण मनात काही आणू नका; आत या, चहा घेऊनच जा." नाताळात करंज्या आणि शंकरपाळे केल्यावर पहिला डबा त्यांच्याच घरी पोहोचवावा.

माझ्याच मंडळीत काही समंजस माणसे यापेक्षा मोकळी भूमिका घेतात. मूर्ती म्हणजे काहीच नाही, तेव्हा मोदक म्हणजे गूळ, खोबरे आणि तांदळाची पिठी, असे ती म्हणतात, आणि त्यांच्याजवळही आठव्या अध्यायाचा आधार आहे. त्यांना माझी एवढीच विनंती असते की नुकतेच जुन्या भीतीतून बाहेर पडलेले एखादे माणूस त्याच पंक्तीत बसले असेल, तर त्याच्यासाठी हात आखडता घ्यावा. अन्नाने माझ्या भावाला अडखळण होत असेल तर मी कधीच मांस खाणार नाही, असे पौल म्हणतो. खाण्याची पूर्ण मोकळीक असलेला माणूस हे म्हणतो आहे, हे विसरू नये.

आता याच्या शेजारी गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली अंत्युखियाची घटना ठेवून पाहावी. पेत्र तेथे यहुदी नसलेल्या बांधवांबरोबर जेवत असे. यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आल्यावर मात्र तो त्यांच्या भीतीने मागे सरला आणि वेगळा जेवू लागला, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा त्यात ओढला गेला, आणि पौलाने सर्वांसमोर त्याला विरोध केला. पौलही ताटावरून हात काढून घेण्यास तयार होता आणि पेत्रानेही हात काढूनच घेतला. बाहेरून दोघांची कृती सारखी दिसते. पण पौल दुर्बळ भावाच्या प्रेमापोटी मागे सरणार होता, पेत्र वजनदार माणसांच्या भीतीपोटी सरला. म्हणूनच काय खाल्ले आणि काय नाकारले याची यादी करून कोणाचे स्वातंत्र्य मोजता येत नाही. नाकारलेल्या मोदकामागे काकूंबद्दल आपुलकी आहे की मंडळीतले लोक काय म्हणतील ही धास्ती आहे, हे ज्याचे त्यानेच तपासायचे असते.

सहावी पायरी: सवयीची गुलामी

याबद्दल थोडेच सांगतो. तंबाखू, दारू, सट्टा, रात्री उशिरापर्यंत फोनवर पाहिली जाणारी लज्जास्पद दृश्ये, यांबद्दल मला मोकळीक आहे असे म्हणणाऱ्याला पौलाने उत्तर दिले आहे की सर्व गोष्टींची मला मोकळीक असली तरी मी कशाच्याही ताब्यात जाणार नाही (करिंथकरांस पहिले पत्र 6:12). एकट्याने लढू नये. याकोबाने (5:16) एकमेकांजवळ पापे कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करा असे सांगितले आहे. पुरुषाने पुरुषाजवळ, बाईने बाईजवळ, तोंड बंद ठेवू शकेल अशा एकाच वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ बोलावे आणि आठवड्यातून एकदा भेटावे. शरीराला व्यसन जडले असेल, तर डॉक्टर आणि व्यसनमुक्ती केंद्र यांची मदत घ्यावी. प्रार्थना करतो म्हणून औषध घेणार नाही, हा विश्वासाचा पुरावा नाही. पडलात तर दुसऱ्या पायरीवर परत या.

सातवी पायरी: ज्याने दुखावले त्याला सोडून द्या

क्षमेबद्दल बोलताना इंदूरच्या माणसाला दूर पाहावे लागत नाही. केरळातून आलेल्या सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात आदिवासी आणि शेतमजूर कुटुंबांबरोबर काम करत होत्या, आणि सावकारांच्या पाशातून ही कुटुंबे सुटू लागल्यामुळे काहींच्या डोळ्यांत त्या सलत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्या बसने इंदूरकडे येत असताना चाकूचे वार करून त्यांचा खून करण्यात आला. 2002 साली रक्षाबंधनाच्या सणाला त्यांच्या सख्ख्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेल्या आणि ज्या हाताने हा खून केला होता, त्याच हाताला त्यांनी राखी बांधली. पुढे राणी मारियांच्या आईनेही त्याला क्षमा केली, आणि शिक्षेतून सुटल्यावर तो बदललेला माणूस म्हणून जगू लागला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्येच कॅथलिक मंडळीने राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून घोषित केले.

खुनापासून त्या राखीपर्यंत सात वर्षे गेली. म्हणून आठवडाभरात मनातला कडवटपणा गेला नाही तर निराश होऊ नये. करायचे ते असे: झालेला अन्याय देवापुढे पूर्ण सांगावा, काहीच झाले नाही असे म्हणून तो कमी करू नये, सूड घेण्याचा हक्क त्याच प्रार्थनेत सोडून द्यावा, त्या माणसाचे नाव घेऊन, त्याचे भले व्हावे असे एक वाक्य रोज म्हणावे, मन साथ देत नसले तरीही. क्षमा म्हणजे मार खायला परत जाणे नव्हे. घरात मारहाण होत असेल, तर वेगळे राहणे, पोलिसांत तक्रार करणे आणि न्यायालयात जाणे हे क्षमेच्या आड येत नाही. राणी मारियांच्या मारेकऱ्यालाही कायद्याने शिक्षा झालीच होती. कोणी पाळक किंवा नातेवाईक क्षमेचे नाव घेऊन तुम्हांला गप्प बसवत असेल, तर त्याचे ऐकू नये.

आठवी पायरी: मंडळी निवडताना

एकट्याने हे जगता येत नाही, म्हणून मंडळी हवीच. इंदूरच्या मंडळ्यांत उपासना बहुतेक ठिकाणी हिंदीत किंवा इंग्रजीत होते, आणि मराठी घरातून आलेल्या माणसाला आरंभी वाटते की देवाशी बोलायलाही हिंदी शब्दच पाठ करावे लागतील. तसे काही नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षे दिली. टिळकांनी अभंग आणि कीर्तनातून ख्रिस्त सांगितला. टिळकांनीच 1917 साली मिशनच्या पगाराची नोकरी सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या येशूभक्तांचा 'देवाचा दरबार' सुरू केला. रविवारी सर्वांबरोबर हिंदीत गावे, आणि मधल्या एखाद्या संध्याकाळी दोन-तीन मराठी कुटुंबांनी घरात बसून मराठीत शास्त्रपाठ आणि प्रार्थना करावी.

मंडळी कशी आहे हे ओळखण्यासाठी पैशाबद्दल आणि प्रश्नांबद्दल तेथे काय बोलले जाते, ते ऐकावे. दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) न दिल्यास शाप लागेल, आजार येईल, असे सांगितले जात असेल, तर तेथे भीती विकली जाते. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखाने किंवा जबरदस्तीने नव्हे, असे करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (9:7) आहे. लग्न कोणाशी करावे, नोकरी कोणती घ्यावी हे देवाने मला दाखवले आहे, असे म्हणून कोणी तुमच्या वतीने ठरवू लागला, तर आपण तुमच्या विश्वासावर सत्ता चालवत नाही, हे पौलाचे वाक्य (करिंथकरांस दुसरे पत्र 1:24) त्याला दाखवावे. प्रश्न विचारल्यावर पाळकांचा चेहरा उजळतो, अशा मंडळ्या आहेत. शोधल्या तर सापडतात.

बाप्तिस्म्याचा विचार करणाऱ्यांनी कायद्याकडे दुर्लक्ष करू नये. मध्य प्रदेशात 2021 साली झालेल्या धर्मस्वातंत्र्यविषयक कायद्यात धर्म बदलणाऱ्या व्यक्तीने आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूनेही 60 दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवण्याची तरतूद आहे, आणि दबाव, फसवणूक, आमिष यांनी केलेले धर्मांतर गुन्हा ठरते. या तरतुदींवरून प्रकरणे न्यायालयांत गेली आहेत, म्हणून आजची स्थिती जाणत्या वकिलाकडून विचारून घ्यावी आणि सर्व काही उघडपणे करावे. आमिषाने धरलेला विश्वास हा कायद्याच्या आधी सुवार्तेलाच नामंजूर आहे.

नववी पायरी: मोकळे झालेले हात

गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील तेरावे वचन येथे प्रत्यक्षात येते. आपल्या घरापासून सुरुवात करावी: विश्वास धरल्यावर सासूबाईंचे पाय चेपणे, वडिलांची औषधे वेळेवर आणणे, भावजयीच्या बाळंतपणात रात्री जागणे हे पूर्वीपेक्षा कमी झाले असेल, तर काहीतरी चुकले आहे. त्यानंतर आठवड्यातले दोन तास अशा ठिकाणी द्यावेत जेथून परतफेड येणार नाही. महाराजा यशवंतराव रुग्णालयात, ज्याला सगळे एम. वाय. म्हणतात, माळवा आणि निमाडच्या खेड्यांतून रुग्ण येतात, आणि त्यांच्या नातेवाइकांना कोणती खिडकी कोणत्या कामाची, चिठ्ठीवर काय लिहिले आहे, तपासणीचा कागद कोठून आणायचा, हे कळत नाही. लिहितावाचता येणारा एक माणूस सोबत फिरला, तरी त्यांचा अर्धा दिवस वाचतो.

जाण्याआधी रुग्णालयातील संबंधितांची परवानगी घ्यावी. एकटे न जाता दोघांनी जावे. खिशात पेन, थोडे सुटे पैसे आणि पाण्याची बाटली ठेवावी. पत्रके नेऊ नयेत, मंडळीचे नाव सांगू नये, आणि कोणी स्वतःहून म्हटल्याशिवाय त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करू नये, मनात करावी. तुम्ही हे का करता, असे कोणी विचारले तर खरे ते थोडक्यात सांगावे आणि पुन्हा रांगेत लक्ष द्यावे, कारण त्याचा नंबर येत असतो.